‘खो दे’ या दोन शब्दांबाबत

राजबाग पोलीस चौकी, गाझियाबाद.
दिनांक १५ फेब्रुवारी १९९५, बुधवार. सकाळी साडेदहा.

मी, कुमुद श्रीरंग आठल्ये, वय ४४ वर्षे, शिक्षण बी. ए., धंदा केंद्र सरकारच्या नोकरीत सेक्शन ऑफिसर, कार्यालय कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली, राहणार राजबाग, सेक्टर चार, गाझियाबाद, चौकीत आपण होऊन हजर राहून लिहून देते की, हा माझा दुसरा जबाब आहे. पहिला जबाब रविवार दि. १२ रोजी संध्याकाळी उपनिरीक्षक त्यागी यांनी हिंदीत लिहून घेतला व मी त्यावर सही केली. आजचा जबाब मी स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. मराठीत कशासाठी, असे त्यागी यांनी विचारले. त्याचे कारण पुढे येईल. हिंदी तर्जुमा सोबत जोडीन. दोन्हींत फरक वाटल्यास मराठी मजकूर धरावा.

मी सह्याद्री क्रीडा मंडळ, गाझियाबाद, या संस्थेची आजीव सभासद आहे. मंडळाचा पुरुषांचा खो-खो संघ आहे. मी १९६३ ते १९६८ या काळात मुलींच्या संघातून खेळले आणि त्यानंतर घरच्या मैदानावरचा सामना सहसा चुकवलेला नाही. या मोसमात संघ अकरा सामने खेळला व दहा हरला. जिंकलेला सामना प्रतिस्पर्ध्यांची बस वाटेत बंद पडल्यामुळे आम्हाला मिळाला. नोव्हेंबरात पानिपतला हरलो, तेव्हा ‘पुन्हा पानिपत झालं’ हा विनोद परतीच्या बसमध्ये मी सात जणांच्या तोंडून ऐकला. सातवा आमचा कर्णधार होता.

संघाबद्दल माझे मत वाईट आहे. ते त्यागी यांना नको होते, पण या प्रकरणात ते लागते म्हणून लिहिते. नऊपैकी चार जणांची पोटे सुटलेली आहेत. एक जण पाटीवर बसल्या बसल्या बुटाची नाडी बांधतो आणि खो मिळाला की दचकतो. खेळाडू म्हणावा असा एकच, लान्स नाईक मल्हारी काटकर, वय २६, मूळ राहणार तालुका माण, जिल्हा सातारा, सध्या दिल्ली छावणी. तो युनिटच्या परवानगीने आमच्याकडून खेळतो. चपळ आहे, पण हावरा आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. पाठलाग करणाऱ्या गड्याला मध्येच मागे वळता येत नाही. वळायचे तर टोकाच्या खांबापर्यंत जावे लागते. नाहीतर ओळीत बसलेल्या आपल्या गड्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचे, की तो उठून पाठलाग करतो व आपण त्याच्या जागी बसतो. याला खो देणे म्हणतात. मल्हारी खो देत नाही. एकटाच खांबापर्यंत धावतो आणि तिथे सूर मारतो. गडी सापडला तर टाळ्या, नाही सापडला तर तेवढी सेकंदे गेली. हे मी त्याला तोंडावर दोनदा सांगितले आहे.

प्रशिक्षक अण्णासाहेब रेगे, वय ७१. मलाही खेळ त्यांनीच शिकवला. गेल्या दिवाळीआधी त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले व आवाज गेला. तेव्हापासून ते सूचना चिठ्ठीवर लिहितात. चिठ्ठी हातोहात पुढे जाते आणि कडेला खांबाजवळ मंडळाचा जो कोणी बसला असेल त्याने ती उघडून मोठ्याने वाचायची, म्हणजे खेळाडूला ऐकू जाते. ज्या खेळात सगळे एका हाकेवर चालते त्याला बिनआवाजाचा प्रशिक्षक नको, असे मी जानेवारीच्या सभेत म्हणाले. अण्णासाहेब समोर बसले होते. त्यांनी खिशातून कागद काढला आणि काही न लिहिता परत ठेवला.

विनायक लोंढे, वय ३८, विमा एजंट, हे मंडळाचे सहचिटणीस आहेत. डिसेंबरपासून घरच्या सामन्यांना ते कडेला खुर्ची टाकून सट्टा घेतात. आमचा संघ जिंकेल का, यावर कोणी पैसे लावत नाही. पळणाऱ्या तीन गड्यांची आमची पहिली तुकडी किती मिनिटांत बाद होईल, यावर लावतात. पैसे लावलेला माणूस खेळ बघत नाही, घड्याळ बघतो, असे माझे मत आहे. आमच्या एका गड्याचा गुडघा फुटला तेव्हा कडेने पहिला प्रश्न आला तो, वेळ थांबवली का, असा. मला लोंढे एकदा म्हणाले, “ताई, तीस वर्षांचा अभ्यास आहे तुमचा, वाया कशाला घालवता? आकडा सांगा, बस.” मी पोलिसांत जाईन असे सांगितल्यावर म्हणाले, “बिल्कुल जा. पण माझ्यामुळे मैदानावर पन्नास माणसं येतात. तुमच्या प्रेमापोटी किती येत होती?” मी घरी जाऊन मोजले. मी रोजनिशी लिहिते. त्यातल्या नोंदींवरून मागच्या मोसमात सरासरी चौदा येत होती.

रविवारी दुपारी तीन वाजता रोहतकच्या संघाशी सामना होता. शेवटच्या डावात आमचा पाठलाग होता. दोन मिनिटे उरली असताना जिंकायला आणखी दोन गडी बाद करायचे होते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून अण्णासाहेबांची चिठ्ठी हातोहात माझ्यापर्यंत आली. खांबाजवळ मी बसले होते. चिठ्ठीतला मजकूर असा: ‘मल्हारी, खांबापर्यंत जाऊ नको. दोनच मिनिटे आहेत. लगेच खो दे.’ त्यानंतर मल्हारी तीन वेळा खांबापर्यंत आला आणि तीन वेळा सूर मारला. तिन्ही वेळा गडी निसटला. आम्ही एका गुणाने हरलो. लोंढे यांच्या खुर्चीपाशी कोणीतरी पेढ्यांचा पुडा उघडला. मी तिथून सरळ चौकीत आले आणि सट्ट्याची तक्रार दिली. लोंढे यांना त्याच संध्याकाळी ताब्यात घेण्यात आले.

जबाब लिहून होत आला असताना ओळखपत्र काढण्यासाठी मी पर्स उघडली, तेव्हा चिठ्ठी टेबलावर पडली. हे काय, असे त्यागी यांनी विचारले. मैदानावर मिळाली, असे मी सांगितले व वाचून दाखवली. त्यांनी जबाबात शेवटी एक वाक्य घातले: ‘पर्ची में कोच ने मल्हारी को लिखा था कि मैच आख़िरी दो मिनट में खो दे।’ मग जबाब मला वाचायला दिला. मी वाचला. बरोबर आहे असे म्हणाले. सही केली.

हिंदीत ‘खो देना’ म्हणजे गमावणे. मी इकडेच वाढले, दिल्लीत शिकले, कार्यालयात रोज हिंदीत टिपणे लिहिते. हा अर्थ मला माहीत नव्हता असे मी म्हणू शकत नाही. परंतु खो-खोच्या सामन्याबद्दल लिहिलेल्या कागदावर ‘खो दे’ वाचताना तो मला सुचला नाही. मी ते मराठीच वाचले. त्या वाक्यात ‘मैच’ या शब्दापुढे ‘में’ नव्हते. ते मला दिसले होते आणि पोलिसांचे गचाळ लिहिणे म्हणून मी सोडून दिले, की दिसलेच नव्हते, हे मी कालपासून स्वतःला विचारते आहे. रविवारच्या रोजनिशीत त्याचा उल्लेख नाही. त्या दिवशीच्या नोंदीत मल्हारीबद्दल जे लिहिले आहे ते इथे देण्यासारखे नाही.

सोमवारी मल्हारीला छावणीतून आणि अण्णासाहेबांना घरून चौकीत आणण्यात आले. पैसे घेऊन सामना सोडल्याचा आरोप आहे, असे मला मंगळवारी सकाळी सात वाजता कळले. मल्हारीची पत्नी कृष्णाबाई, वय २२, छावणीतून दोन बस बदलून माझ्या दारात आल्या. मी त्यांना आत बोलावले. त्या उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

“ताई, तुमी सही केली म्हणं.”

मी कशावर सही केली ते सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतले नाही. युनिटचे सुभेदार सांगून गेले आहेत की गुरुवारी चौकीचे कागद त्यांच्याकडे गेले की पुढची चौकशी फौज करील, नोकरी जाईल आणि पेन्शनही मिळणार नाही, असे त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मालक माझा कमी पडला आसंल. इकला न्हाई.” चहा नको म्हणाल्या. जाताना आमच्या दाराची कडी त्यांनीच बाहेरून ओढून घेतली.

मंगळवारी मी कार्यालयात रजा कळवून चौकीत आले. त्यागी यांना खुलासा केला. ते म्हणाले, “मैडम, खो दिया मतलब गँवा दिया। बच्चा भी जानता है।” मी त्यांना उठून बसून खेळ दाखवला. हवालदार हसले. अण्णासाहेब बाकावर बसून त्यागी यांच्यासाठी तेच मराठीत लिहीत होते आणि त्यागी त्यांचे कागद न वाचता एकावर एक ठेवत होते. शेवटी त्यागी म्हणाले की खुलासा करणे ही आरोपींच्या बाजूच्या माणसाची रीतच आहे. सांगितल्यावर मल्हारीने खो दिला का, तेवढे सांगा, असे ते म्हणाले. दिला नाही, असे मी म्हणाले. तर मग प्रशिक्षकाचे ऐकले का नाही, असे त्यांनी विचारले. त्यावर मी उठून घरी गेले. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते.

उत्तर असे की, चिठ्ठी मल्हारीला कोणी वाचून दाखवली नाही. ती वाचून दाखवणे माझे काम होते. मी ती उघडली, मनात वाचली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मल्हारी तीन वेळा माझ्यापासून दोन हातांवर आला. मी तोंड उघडले नाही.

का, असे आज सकाळी त्यागी यांनी विचारले. सट्ट्यात माझा एक पैसा नव्हता. लोंढे यांच्याशी माझा शत्रुत्वाखेरीज संबंध नाही. चिठ्ठीतला सल्ला बरोबर होता. तो बरोबर आहे हे वाचताक्षणी माझ्या लक्षात आले आणि म्हणूनच मी तो मोठ्याने वाचला नाही. सोमवारी मंडळाची सभा ठरली होती; ती पुढे झाली नाही. अण्णासाहेबांना काढावे असा ठराव मी लिहून ठेवला होता. रोहतकसारख्या संघाला हरवले असते तर तो ठराव कोणी हातात घेतला नसता. मला आमचा संघ हरायला हवा होता. इतकी वर्षे संघ हरला की मी घरी जाऊन जेवत नाही, हेही खरे आहे. दोन्ही एकाच बाईबद्दल खरे कसे, ते मला सांगता येत नाही. त्यागी यांनी ते विचारलेले नाही.

रविवारचा सामना कोणी मुद्दाम हरू दिला असेल तर तो मी. त्यासाठी मला कोणी काही दिलेले नाही.

त्यागी यांनी पेन खाली ठेवून समज दिली: “ये लिखकर दोगी तो आपके दफ़्तर तक बात जाएगी। सोच लो।” मी विचार केला आहे. हे वाक्य न लिहिता मल्हारीला सोडता येईल का, तेही मी काल दिवसभर शोधले. सापडले नाही.

लोंढे यांच्याविरुद्धची तक्रार मी मागे घेत नाही. पहिल्या जबाबातील सट्ट्याबाबतचा मजकूर खरा आहे. फक्त शेवटचे वाक्य खोटे आहे, व त्याखालची सही माझी आहे. मल्हारी काटकर व अण्णासाहेब रेगे यांनी सामना सोडला नाही, असे मी शपथेवर सांगते. मल्हारी वाईट खेळला. तो गुन्हा नाही.

हा मजकूर ऐकण्यासाठी दोघांना आतल्या खोलीतून माझ्यासमोर बसवण्यात आले. चिठ्ठीचा भाग आला तेव्हा मल्हारीने मला थांबवले व त्याचे म्हणणे लिहून घ्यायला सांगितले. ते असे: “बाई, तुमी वरडला असता तरी म्या खो दिला नसता. गडी माझ्या हातातला हुता.” त्यागी यांच्या मते यामुळे माझ्यावरचा दोष कमी होतो. तो कमी होत नाही. मल्हारी बोलतो ते त्याच्या स्वभावाला धरून आहे, परंतु रविवारी चिठ्ठी त्याच्या कानावर गेलीच नव्हती. अण्णासाहेबांनी ऐकून होईपर्यंत माझ्याकडे पाहिले नाही.

हा जबाब मी लिहिला, मीच मोठ्याने वाचला, आणि जिथे जिथे ‘खो’ आला तिथे थांबून त्याचा अर्थ त्यागी यांना हिंदीत सांगितला. त्यांनी तो समजल्याचे समासात लिहून दिले आहे. मजकूर मी सांगते तसाच आहे. खाडाखोड एका ठिकाणी आहे व तिथे माझी सही आहे. चिठ्ठी पर्समध्ये ‘राहिली’ असे आधी लिहिले होते, ते खोडून ‘ठेवली’ केले आहे.

कुमुद श्रीरंग आठल्ये