साडेतीन हजारांवरचा थेंब

— नाही, नाही, त्या बटणाला हात नाही लावायचा, साहेब! चौकशीला आलात ना, मग लांबूनच करा चौकशी. की माझंही काही उकरायला पाठवलंय तुम्हाला? हसू नका. बावीस वर्षं ही प्रयोगशाळा सांभाळतोय, कोण कशाला हसतं ते कळतं मला.

ही सुई. हिच्यातून द्रावण येतं — वीज दिली की टोकाशी थेंब ताणला जातो, निमुळता होतो आणि धुकं उडतं. वीज कमी असली की नुसतं ठिबकतं. यात खोटं बोलायला जागा कुठे आहे, सांगा? पण ती इथे संशोधन करणारी चष्मेवाली पोरगी वहीत लिहिते, साडेतीन हजार व्होल्टला धुकं! आणि मोठ्या सरांनी स्वतः शून्यापासून चढवत नेलं, तर साडेतीन हजारला काय? टप, टप. मग घरी बसून आकडे कुणी लिहिले, मी? मला आधीपासूनच संशय होता — डबासुद्धा एकटी खायची. म्हणून ती आकडे बनवते, या जबाबावर सही केली. तिची पदवी जाईल, जाऊ दे. ‘काका, तुम्ही तरी सांगा’ म्हणून रडली. मी काय सांगणार, कपाळ?

थांबा, दाखवतोच. रोज तिच्याआधी येऊन सुई मीच तयार ठेवायचो — तोंड मोकळं व्हावं म्हणून आधी पाच हजारपर्यंत चढवायचं, फवारा सुटला की खाली आणून तिच्या आकड्यावर ठेवायचं. — कुणी सांगितलं म्हणजे? माझी पद्धत आहे ती! — सर आले तेव्हा? तेव्हा मला हात लावू दिला नाही त्यांनी. आता बघा, पाच हजार. धुकं. आता खाली... चार... साडेतीन.

धुकंच आहे अजून. आकडा बरोबर आहे ना? तुम्ही वाचा. — थांबा, बंद करतो. पुन्हा शून्यापासून. दोन... तीन... साडेतीन. टप. टप. अरे देवा. वरून आणलं की सोडत नाही, खालून नेलं की धरत नाही. म्हणजे सरही खरे, आणि ती... तीही खरीच लिहीत होती हो.

काय खरडताय? तो माझ्या सहीचा कागद द्या इकडे. — पुढे समितीकडे गेला? आणि तिला आज दुपारी बोलावलंय? मग इथे बसलात काय! उठा. सुई मी आधी पाच हजारला नेऊन ठेवायचो हे तिथे बोलू नका — नाही, बोला. माझंच नाव घ्या. आधी निघा इथून!