पंपावरचं कुंकू

सन्माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजे पुण्याहून मुद्दाम आलेले कंपनीचे विभागीय साहेब. आमचे यजमान, या एजन्सीचे मालक शिवलिंगाप्पा अण्णा. ज्यांच्या निरोपासाठी आज हे मंगल कार्यालय भरलंय ते सत्कारमूर्ती, सर्व्हिस मॅनेजर श्रीयुत देशनूरकर साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. वर्कशॉपचे सगळे मिस्त्री. आणि बेळगाव, खानापूर, निपाणीहून आलेल्या माझ्या गाडीवाल्या बंधूंनो, कृष्णात तवंदीकरचा आपणा सर्वांना नमस्कार.

वहिनी, तुमची माफी मी आधीच मागून ठेवतो. तुमचा यात काही दोष नाही.

मघाशी दारात अण्णांनी "बर्री तवंदीकर, कूड्री" म्हणून हाताला धरून मला पहिल्या रांगेत बसवलं. कानात सांगितलं, "समाधानी ग्राहक म्हणून दोन शब्द बोला. छान बोला." मी निपाणीच्या टेम्पोवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. सभासद एकेचाळीस, आणि त्यातले दहाजण या दिवाळीला नवीन गाडी घेणार. एवढ्या गाड्या ज्याच्या पाठीशी उभ्या असतात तो माणूस समाधानी दिसणारच. नाही का? चहासुद्धा सगळ्यांत आधी मला आला. कपबशीतून. चहाचं मी लक्षात ठेवतो, कारण पुढं सांगतो.

माझ्या आधी चार वक्ते बोलून गेले. एकानं साहेबांना यंत्रांचे धन्वंतरी म्हटलं, दुसऱ्यानं सचोटीचा हिमालय म्हटलं. तिसऱ्याला साहेबांचं नाव आठवेना, त्यानं कागद काढून बघितला. बरोबरच आहे. हिमालय आपल्यापैकी बघितलाय कुणी? आपली गाडी तवंदीचा घाट चढताना तापते, तिथंच आपली उंची संपते. मी आपला घाटापुरतंच बोलतो.

साल एक्क्याऐंशी. चौदा एप्रिलला मी या एजन्सीतून डिझेल पिकअप नेली. गॅरंटी एक वर्षाची. जामिनाला दुसरं माणूस मिळेना, म्हणून माझ्या आईनं, तानीबाईनं, बँकेच्या कागदावर अंगठा उठवला. निपाणीच्या वखारीत तीस वर्षं तंबाखू चाळून तिच्या अंगठ्याच्या रेघा झिजल्या होत्या. बँकेचा साहेब म्हणाला, नीट उमटत नाही, पुन्हा द्या. तीनदा दिला बिचारीनं. ती गाडी बंद पडली असती तर राहती दोन खोल्यांची जागा जाणार होती, आणि ते तिला चांगलं माहीत होतं.

एजन्सीतून गाडी बाहेर पडताना नारळ फोडायची पद्धत. देशनूरकर साहेब स्वतः कुंकवाची वाटी घेऊन पुढं आले. मी म्हणालो, "नको साहेब, घाई हाय." घाई कसली आलीय? आमच्या घरात छप्पन्न सालापासून पूजाअर्चा नाही, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. आडनावात नुसतं गाव, आणि तोंड बंद. त्या दिवशीच्या कृष्णातची मला आजही कीव येत नाही, चीड येते.

आता साहेबांच्या भक्तीविषयी. इतर वक्त्यांकडून हा विषय राहून गेला. वर्कशॉपमधली खंडेनवमी ज्यानं बघितली नाही त्यानं काही बघितलं नाही. पहाटे आंघोळ, अंगावर सोवळ्याचा रेशमी मुकटा, वाटीत तेलात कालवलेलं कुंकू. स्टोअरच्या कपाटातला एकेक पार्ट हातात घ्यायचा आणि उजव्या अंगठ्यानं दोन टिळे लावायचे, एक पुढून, एक मागून. बेअरिंग असो, पिस्टन असो, नाही तर साधा नट. चार तास चालायचं. साहेबांच्या अंगठ्यावर लहानपणीची जुनी चीर आहे, मधोमध, उभी. त्यामुळं टिळाही दोन फाकांत उमटतो. मिस्त्री लोक कौतुकानं म्हणायचे, "साहेबाचा शिक्का लई पक्का, रॉकेल लावल्याबिगर जात न्हाय."

कपाटात कंपनीचे पार्ट होते आणि गावठी फाउंड्रीत ओतलेले नकली पार्टही होते. कंपनीकडून आलेले कुठं जायचे ते मला माहीत नाही. आमच्या गाड्यांत येत नव्हते एवढं खरं. पण साहेबांनी कुंकू लावताना भेद केला नाही. देवापुढं सगळे पार्ट सारखे. अशी समता मी दुसरीकडं कुठं बघितली नाही, आणि या वर्कशॉपमध्ये तरी ती पार्टांच्या पुढं गेली नाही.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. माझ्या गाडीचा पाण्याचा पंप गळायला लागला म्हणून मी इथंच आणली. भरमू मिस्त्रीनं कपाटातला पंप काढला आणि बसवला. फुकट सर्व्हिसिंग होतं, त्यामुळं कार्डावर एवढंच लिहिलं, 'पाणी बघितले'. मी सही केली. शिकलेला माणूस मी, मॅट्रिक. न वाचता सही केली. यावर हसायला हरकत नाही.

जानेवारीत हिरव्या मिरचीची पोती घेऊन गोव्याला निघालो. लोंढा मागं टाकला आणि भर दुपारी घाटात पंपाचा आस तुटला. पाणी गेलं, इंजिन तापलं, हेड तडकलं. मिरची तिथंच सडली. गाडी दोरानं ओढत बेळगावला आणली. मनात म्हटलं, गॅरंटी आहे, तीन महिने शिल्लक आहेत, काळजी कसली?

बंधूंनो, गॅरंटी म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगू? क्लच प्लेट गेली, बाहेरची बसवली होती. नोझल गेला, बाहेरचा बसवला होता. नंदगडच्या मारुतीरावांचा फॅनबेल्ट आठव्या दिवशी तुटला, तोही बाहेरचा! गाडीबरोबर आलेला बेल्ट बाहेरचा कसा, हे मारुतीराव अजून विचारतात. हसू नका मारुतीराव, तुमचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

तर माझा पंप टेबलावर काढून ठेवला. भोवती दहा-बाराजण. साहेबांनी तो पेन्सिलीनं उलटा केला, हात लावला नाही. म्हणाले, "ह्यावर कंपनीचा शिक्का कुठाय? तुम्ही लोक भंगारातनं आणता, बसवता, आणि मग रडत येता." मी म्हणालो, "साहेब, इथंच बसवलाय. भरमूला इचारा." भरमूनं खाली बघितलं. त्याच्या घरात खाणारी सात तोंडं होती. त्याच्यावर माझा राग नव्हता आणि आजही नाही. तो तिथं पाचव्या रांगेत बसलाय, आत्तासुद्धा खालीच बघतोय.

मी नखानं पंपावरचा चिखल खरवडला. आतून लाल निघालं. टिळा! मधोमध चीर, दोन फाका. मी म्हणालो, "साहेब, ह्यो तुमचा अंगठा हाय."

साहेब हसले. "अहो तवंदीकर, दसऱ्याला कुंकू कुठल्या गाडीला लागत नाही? तुमच्या आईनं लावलं असेल."

मी म्हणालो, "आमच्यात लावत न्हाईत."

"आमच्यात म्हंजे?"

नऊ महिने गिळलेलं तिथं, ग्रीसच्या वासात, दहा-बारा लोकांपुढं बोलावं लागलं. "आम्ही बौद्ध हाय साहेब. कुंकू तुमच्या कपाटातलं हाय."

माझ्यापाशी पुरावा होता, सरळ, लालभडक. अंगठा टेकवून बघितला असता तर एका मिनिटात निकाल लागला असता. साहेबांनी काय केलं? चिंधी मागितली. रॉकेलमध्ये बुडवली. आणि आपणच केलेली पूजा, सोवळ्यात केलेली, त्याच उजव्या हातानं घासून पुसून टाकली. सगळ्यांसमोर. चिंधी खाली टाकून म्हणाले, "आता दाखव कुठाय कुंकू." तोवर मी 'अहो तवंदीकर' होतो. 'दाखव' तिथून सुरू झालं. तेवढ्यात चहा आला. सगळ्यांना कप मिळाले. माझ्यापाशी येऊन पोऱ्या साहेबांच्या तोंडाकडं बघायला लागला, साहेबांनी मान हलवली, आणि तो पुढं गेला.

कागदावर लिहून मिळालं, 'ग्राहकाने बाहेरचा पार्ट बसविल्याने दावा अमान्य.' अध्यक्ष महोदय, मी तुमच्या पुण्याच्या ऑफिसला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच छापील उत्तर आलं, आमच्या वितरकाचा अहवाल अंतिम आहे. छपाई मात्र सुरेख होती.

त्या दिवशी हा माणूस फक्त खोटं बोलला असता तर मी एव्हाना विसरलो असतो. व्यवहारात खोटं कोण बोलत नाही? पण पाच पैशाच्या चिंधीइतकीही ज्याच्या लेखी स्वतःच्या देवाची किंमत नाही, त्याला तुम्ही आज शाल घातलीत. घाला. शाल तुमची, खांदा त्यांचा. मला विचाराल तर एवढ्या हलक्या मनाचा माणूस मी दुसरा बघितला नाही.

थांबा अण्णा, माइक बंद करू नका. संपतच आलंय.

गाडी सात महिने दारात उभी होती. आई पुन्हा वखारीत जायला लागली, साठाव्या वर्षी. जागा वाचली ती तिच्यामुळं, गॅरंटीमुळं नव्हे. पंप मी घरी नेऊन कोपऱ्यात टाकला होता. एक दिवस आई तो मोरीत घेऊन बसली, माती काढायला. थोड्या वेळानं हाक मारली, "कृष्णा, हिकडं ये रं. ह्याच्या मागं लाल काय हाय बघ."

दुसरा टिळा! साहेबांनी पुढचा पुसला होता. मागं आपणच दुसरा लावतो, हे पुसायच्या गडबडीत विसरले. मी म्हणालो, उद्याच बेळगावला नेतो. आई म्हणाली, "नेशील आन् त्यो त्योबी पुसंल." खरंच होतं. मग म्हटलं, निदान धुऊन तरी टाक, आपल्या घरात कुंकू कशाला? तर म्हणाली, "न्हाय. आपली नसंना, कुणाची तरी पूजा हाय ती. आपण पुसायची न्हाय."

आई दोन वर्षांमागं गेली. पंप सात वर्षं तिच्या पेटीत, तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला होता. तो मी आज आणलाय. परशराम, जरा ती पिशवी वर दे. साहेब, शाल झाली, श्रीफळ झालं, ही निपाणीकडून भेट. लुगडं मी परत नेणार, पंप तुमचा. हे बघा, मागच्या बाजूला. थोडं काळपट झालंय, पण चीर स्पष्ट दिसतेय. अंगठा टेकवून बघा. नाही? बरं, घाई नाही. आता तुम्ही निवृत्त आहात, घरी निवांत बघा. रॉकेल घरात असेलच.

आमचे दहा सभासद गाड्या कोल्हापुरातून घेणार आहेत, हे अण्णा, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

मला पाच मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. बोलावल्याबद्दल मालकांचे, आणि शेवटपर्यंत ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात माझं काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या; दुसऱ्या कुणाचं चुकलं असेल तर माफी त्यानं स्वतःच्या तोंडानं मागावी, माइक मी चालू ठेवून खाली उतरतो. सुरुवातीला मी नमस्कार म्हणालो, तोही जुन्या सवयीनं. तेवढी एक चूक मीच दुरुस्त करतो.

जय भीम.