राष्ट्रपतींचं अभिभाषण, विमलाबाई आणि मी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या संस्थेचे चेअरमन माननीय गोकुळदासबाब, मुख्याध्यापिका गौरवी मॅडम, सत्कारमूर्ती विमलाबाई, पार्से-चोपड्याहून आलेले पालक आणि विद्यार्थिमित्रांनो,

मी शिवदास. सव्वीस वर्षं या शाळेत इतिहास शिकवतो. तेवढीच वर्षं शेजारच्या वर्गात, आज निवृत्त होणाऱ्या विमलाबाई नागरिकशास्त्र शिकवत होत्या. मध्ये एक भिंत. बाईंचे गुण सांगायला मला इथे उभं केलं आहे, आणि ते मी सांगणारच. पण सभेची परवानगी असेल तर आधी एक खरं सांगतो. मी बाईंवर जळत होतो.

दरवर्षी राष्ट्रपतींचं संसदेपुढे अभिभाषण झालं की दुसऱ्या दिवशी बाई वर्तमानपत्र घेऊन वर्गात यायच्या. मग एकेक गोष्ट निघायची. इंग्लंडचे राजेराण्या सिंहासनावरून भाषण वाचतात, पण ते लिहितं त्यांचं सरकार. अमेरिकेच्या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांनी संसदेत स्वतः जाऊन बोलणंच थांबवलं, मग शंभरावर वर्षं तिथे नुसता कागद जायचा. आणि गोवा मुक्त झाल्यावरचं, बासष्टचं अभिभाषण बाईंच्या वडिलांनी चोपड्याच्या धक्क्यावर रेडिओपाशी ऐकलं. "बाबांना इंग्रजीतलं अक्षर कळलं नाही," बाई सांगायच्या, "पण आता हे आमकांय सांगतत, म्हणून शेवटपर्यंत उभे रवले."

इतिहास माझा विषय. राजे माझे, राष्ट्राध्यक्ष माझे, आणि पोरं ऐकणार बाईंचं! माझ्या वर्गातली मुलं पाणी प्यायला म्हणून जायची आणि त्यांच्या खिडकीशी उभी राहायची. कुणाला आवडेल, सांगा?

बारा वर्षांपूर्वी डिचोलीत युवा संसदेची स्पर्धा होती. नववीतली संजना राष्ट्रपती होणार होती. तिचं अभिभाषण बाईंनी लिहिलं, परीक्षक विचारतील त्या प्रश्नांची उत्तरंही लिहिली. आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "सर, एकदा नजर घाला."

मी घातली, आणि एक चूक सापडली. राष्ट्रपती प्रत्येक अधिवेशनाला अभिभाषण करतात, असं बाईंनी लिहिलं होतं. घटनेत आधी तसं होतं खरं, पण एकावन्न सालीच ते बदललं. आता फक्त निवडणुकीनंतरच्या पहिल्या आणि दर वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात. मी पेन्सिलने खूण केली. मग खोडरबर घेतला आणि खूण पुसून टाकली. "झकास आहे," म्हणून कागद परत दिले.

नेमका तोच प्रश्न आला. संजनाने ठणठणीत आवाजात चुकीचं उत्तर दिलं आणि पहिला नंबर अर्ध्या गुणाने गेला. बाई सगळ्यांसमोर उठून म्हणाल्या, "मुलीची चूक नाही. मी तसं शिकवलं."

बाईंची फजिती झाली की मला बरं वाटेल, असा माझा हिशेब होता. बसस्टँडवर भाजी-पाव समोर ठेवून ती पोर हुंदके देत होती. "बाई, माका माफ करा."

"रडूं नको गो बाये. चुकलंय मी."

मी शेजारीच होतो. माझा पाव तिच्या ताटलीत सरकवला आणि बसची वेळ विचारायला उठलो.

पुढच्या वर्षी बाईंनी नवे कागद माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "सर, औंदा पेन्सिल पुसू नका."

पुसलेल्याचा वळ कागदावर राहतो. तो त्यांनी स्पर्धेहून घरी आल्या त्याच दिवशी पाहिला होता. मी कसंबसं विचारलं, "रागावला नाहीत?"

"रागावले तर! वर्षभर तुमच्याबरोबर चहा घेतला नाही. तुमच्या ध्यानातसुद्धा आलं नाही."

खरंच आलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांचे कागद मी तपासत आलो. माफी मात्र कधी मागितली नाही. ती आज सभेपुढे मागतो. बाई, माझं चुकलं. संजना, तू तिसऱ्या रांगेत बसली आहेस. तुझा पहिला नंबर मी घालवला.

मग मत्सर गेला का? कसला जातोय! गेल्याच आठवड्यात नववीची सायली विचारायला आली, "सर, फुडच्या वर्साक अभिभाषण कोण सांगतलो?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "मी." ती जरा घुटमळली. "मग आमी बाईंच्या घराक गेलंव तर चालात?"

अंगाचा तिळपापड झाला. तिला वर्गात पिटाळणार होतो. पण तोंडातून निघालं, "किती वाजता जाताय? मलाही यायचंय."

अध्यक्षांनी दिलेली पाच मिनिटं केव्हाच संपली, तरी आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बाईंच्या निरोपाला स्वतःचंच गाऱ्हाणं घालत बसलो, ते आपण सर्वांनी पोटात घालावं. संजनाने मात्र माफीची घाई करू नये.