पाहुणे येईपर्यंत

माझे नाव व पत्ता वर लिहून घेतला आहे. वय एकोणसत्तर, धंदा काही नाही. पूर्वी परीक्षा विभागात अधीक्षक. मी आज स्वतः ठाण्यात येऊन, कोणी न सांगता, जबाब देते तो असा.

मयत माझा धाकटा भाऊ. वय अठ्ठावन्न, मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवत होता. लग्न केले नव्हते, माझ्याच घरी राहत असे. त्याला रक्ताचा कॅन्सर होता. नेहमीची औषधे देऊन झाली, दोनदा बरा झाला आणि दोनदा दुखणे उलटले. त्यानंतर डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला. रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांत बदल करायचा, म्हणजे त्या कॅन्सर ओळखून मारतात. मग त्या वाढवून, गोठवून परत आणायच्या आणि रुग्णाला शिरेतून द्यायच्या. या इस्पितळात हा उपचार घेणारा तो पहिलाच.

पेशी गेल्या तेव्हा तो शेजाऱ्यांना सांगत सुटला, "माझ्या पेशी शिकवणीला गेल्यात. लायसन काढूनच येणार." मी त्याला गप्प बसायला सांगितले. तो बसला नाही.

पेशी गोठलेल्या पिशवीतून परत आल्यावर त्याला तीन दिवस कडक औषध दिले. नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून जुन्या मारतात. त्यानंतर अंगात प्रतिकार असा उरत नाही. तेव्हा पिशवी हाच एक आधार होता, आणि पिशवी एकच होती.

मी डॉक्टरांना आधीच विचारून घेतले होते. ते म्हणाले, पिशवी गोठलेली असेपर्यंत चिंता नाही. एकदा कोमट पाण्यात वितळवली की अर्ध्या तासात द्यायची. गोठवताना पेशींना जे रसायन वाचवते तेच उबेत त्यांना मारते. मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे प्रश्नपत्रिकांचे पाकीट मुले बाकांवर बसल्याशिवाय फोडत नसत.

घटनेच्या दिवशी सकाळी मी खोलीत होते. भाऊ, डॉक्टर, मोठी सिस्टर आणि इस्पितळाचे संचालक एवढी माणसे होती. शिवाय फोटोग्राफर. पहिला उपचार म्हणून संचालकांनी एका बड्या पाहुण्यांना बोलावले होते. पिशवी त्यांच्या हातून डॉक्टरांच्या हाती द्यायची होती. गोठलेली पिशवी उघड्या हातात धरता येत नाही. म्हणून ती आधीच वितळवून ठेवायची, असे संचालकांनी ठरवले.

सिस्टर म्हणाल्या, "सर, एकदा काढली की थांबता येत नाही."

संचालक म्हणाले, "अहो, आलेत ते. लिफ्टपाशी आहेत. काढा."

डॉक्टर काही बोलले नाहीत. सिस्टरनी पिशवी काढली.

पाहुणे लिफ्टपाशी नव्हते. खालच्या मजल्यावर नव्या विभागाची फीत कापून ते भाषण करत होते. भाषणाचा आवाज जिन्यातून वर येत होता.

अर्धा तास होत आला तेव्हा मी डॉक्टरांना म्हणाले, "लावा ती पिशवी." त्यांनी संचालकांकडे पाहिले. संचालक म्हणाले, "ताई, दोनच मिनिटं. तुमच्या भावाचं नाव होईल." मी म्हणाले, "त्याला नाव आहे. पिशवी लावा." तेव्हा भाऊच मला म्हणाला, "ताई, थांब गं. पुढे शिकाऊ असला की हॉर्न मारू नये." सगळे हसले. मी हसले नाही. पण मीही थांबले, हे लिहून घ्यावे.

पाहुणे आले तेव्हा पिशवी वितळून सव्वा तास झाला होता. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा धरली. त्यांनी भावाला विचारले, "काय, कसं वाटतंय?" भाऊ म्हणाला, "साहेब, तुमचीच वाट बघत होतो." त्यानंतर पिशवी लावली.

नियमाप्रमाणे पिशवीतल्या उरलेल्या थेंबांची तपासणी होते. दोन दिवसांनी बाहेरच्या व्हरांड्यात मी डॉक्टरांना निकाल विचारला. ते म्हणाले, "जिवंत पेशी फारच कमी होत्या." मी म्हणाले, "मग पुन्हा काढा." ते म्हणाले, "आता काढायला त्यांच्या अंगात आहेच काय?" मग म्हणाले, "मी असं बोललो हे कुठे सांगू नका." मी सांगत आहे.

दुसऱ्या आठवड्यात भावाला ताप आला. तो उतरला नाही आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. शेवटच्या दिवशी शुद्धीवर असताना त्याने विचारले, "ताई, पास झाल्या का गं त्या?" मी हो म्हणाले. या जबाबातले माझे तेवढे एक बोलणे खोटे आहे.

इस्पितळाने मला कळवले की रुग्णाच्या शरीराने उपचाराला प्रतिसाद दिला नाही. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. उपचाराबद्दल नाही. उपचार झालाच नाही. जो बसलाच नाही त्याला नापास म्हणत नाहीत.

तो फोटो इस्पितळाच्या दारात मोठा करून लावला आहे. फोटोत भाऊ हसतो आहे. तो फोटो उतरवावा.

माझा संशय कोणावर आहे, असे मला विचारण्यात आले. संशय नाही. मी तिथे होते. हुकूम संचालकांनी दिला, डॉक्टरांना माहीत असून ते गप्प बसले. सिस्टर एकट्याच बोलल्या. त्यांची या प्रकरणानंतर बदली झाल्याचे ऐकते.

जबाब मला वाचून दाखवला, नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. त्यात मृत्यूच्या उल्लेखाआधी "दुर्दैवाने" असा शब्द लिहिलेला होता. तो मी उच्चारला नव्हता. माझ्या सांगण्यावरून तो खोडला असून तिथे माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.