चार दिवे आन् पाखऱ्या बैल

...आन् जो येतो तो हेच इचारायलाय, "आप्पाराव, किती घेतली व्हती?" आता ज्यानं जन्मात शिंदीचा थेंब तोंडाला लावला न्हाई, त्याला ताडकळसच्या बाजारात भाजीवाल्या बाया सुदिक हसायल्यात, मंग सांगा, माणसानं वर बघावं का न्हाई? दिवे व्हते. चार व्हते. आता ते काय व्हतं, ते मला इचारू नका.

तुमाला सांगतो, बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिल्यांदा जोंधळा डोक्याच्या वर गेलता, म्हून रानडुकरांपासून राखायला मी रानातल्या उंच माळ्यावर, खाली पाखऱ्या बैल बांधलेला, आन् बांधाच्या पल्याड माझा धाकला भाऊ सटवाजी त्याच्या माळ्यावर, खाली त्याचा लाल्या बैल. आमचा अबोला. बांधावरची बाभळ कुणाची, ह्याचा कज्जा. तवापासून काही बोलायचं असलं की आपापल्या बैलाला सांगायचं, ऐकणारानं ऐकून घ्यायचं. तर भाकर खाऊन हात धुवायलोय, तितक्यात पूर्णेकडून चार दिवे निघाले, एका वळीत, आवाज न्हाई, काही न्हाई, आले आन् डोक्यावर थांबले. थांबले म्हंजे थांबलेच. भावाला हाक मारावी तर कशी? म्हणलं, "पाखऱ्या, त्याला सांग, वर बघ म्हणावं." तिकडून आलं, "लाल्या, त्याला सांग, मी कवाचा बघायलोय." "पाखऱ्या, इचार, चकवा असंल का?" "लाल्या, सांग, चकवा भुईवर फिरतो, येडा हाय का म्हणावं." एवढ्यात दिवे वळले आन् आले तिकडंच गेले. ते काय व्हतं, ते मला इचारू नका.

सकाळी हाटेलात सांगितलं, तर पंडित गुरुजी म्हंतात, "आप्पाराव, तारा तुटला असेल." तुटलेला तारा थांबतो का गुरुजी? "मग विमान असेल." इमान मुकं असतंय का? आन् माणसं चंद्रावर जाऊन आली म्हून तुमीच शाळेत शिकवता, मंग तिकडचं कुणी इकडं येत नसंल कशावरून? गुरुजी चहा प्यायला लागले. हाटेलवाला बन्सीधर म्हंतो, "आप्पारावला ताक द्या रे, अजून उतरली न्हाई." समदे हसले. म्हणलं, इज्जत गेली, आता गवाही एकच, कोपऱ्यात बसलेला सटवाजी. समदे त्याच्याकडं बघायले. आता हाटेलात तर बैल न्हाई... सटवाजीनं बशी खाली ठिवली, माझ्याकडं बघितलं आन् म्हणला, "दादा खोटं बोलत न्हाई. दिवे व्हते."

दादा म्हणला हो. डोळ्यात पाणीच आलं माझ्या. तिथंच थांबावं का न्हाई माणसानं? पर न्हाई, म्हणला, "फकस्त ते माझ्या शेतावर थांबलते." म्हणलं, तुझ्या कसे, माझ्या डोक्यावर व्हते. तो म्हणला, बाभळीच्या पल्याड व्हते. मी म्हणलं, बाभळच माझी... झालं. भुईची मोजणी सरकार करतंय, वरची कुणी करावी?

तर परत अबोला. जोंधळा निघाला, रानात राखायला कणूस न्हाई, तरी दिवस मावळला की दोघं दोन माळ्यांवर, माना वर करून. काल तिकडून आलं, "लाल्या, त्याला इचार, दिसायले का?" म्हणलं, "पाखऱ्या, सांग, न्हाई म्हणावं. आन् सर्दी व्हईल, डोक्याला बांध म्हणावं."

आता ते काय व्हतं, ते मला इचारू नका. पाखऱ्याला इचारा, दोन्हीकडचं त्यालाच ठावं हाय.