अर्ध्यात थबकलेलं बोट

—नाही नाही, पुसू नकोस, फळ्यावर शेजारी पुन्हा काढ. आणि या वेळी बोट कुठून निघतं ते जरा ठळक काढ. हं. फोन वाजला, म्हाताऱ्याने बोट टेकवलं, वर सरकवायला गेला—आणि अर्ध्यातच थबकला. बरोबर? आणि तुमचा नवा फोन तेवढ्यावरून ओळखतो की याला फोन उचलायचाय. वा, युआन! आणि खिशातल्या खिशात उचलला गेला तर? काय म्हणालास? खिशाचं कापड थबकत नाही, नुसतं घसरत राहतं? अरे, हे सुचलं कुणाला—तुलाच? वडिलांचा हात थरथरतो म्हणून? तरीच. बस आता, पाणी घे. आणि ते ताई-ताई बंद कर, मला इथे सगळे छिउ मॅडम म्हणतात.

तुला याच वेळेला का बोलावलं ठाऊक आहे? दुपारची जेवणं झाली, तासभर दिवे मालवले, अख्खा मजला घडीच्या खाटा उघडून घोरतोय. समोरच्या कंपनीतला माणूस आमच्याकडे आलेला कुणी बघायला नको—तुझ्याच भल्यासाठी, असं लिहिलं होतं ना मी? सगळ्यांना तेच लिहिते. तुमच्या इमारतीतून या खुर्चीत मुलाखतीला येऊन बसलेला तू या वर्षातला नववा. जागा? कसली जागा? जागा नाहीये. नव्हतीच. तोंड मिट, माशी जाईल. आणि असती तरी तुला कोण घेणार होतं रे? दोन महिन्यांनी पस्तीस पुरी होतील. पस्तिशी लागली की शेन्झेनमध्ये माणूस म्हणजे शिळा भात—तुला ते माहीत होतं, म्हणून तर मी एक ओळ लिहिली नि तू धावत आलास.

मला वाईट म्हणतोस? म्हण. धंदाच असा आहे. तुम्ही फोनवरचं मागे जायचं बटण काढलंत, आम्ही दोन महिन्यांत सगळीच काढली—लोकांना हवं होतं म्हणून? छे! तुम्ही एक काढलंत म्हणून. फोन उचलायचं ते हिरवं बटण, नुसतं बोट टेकवायचं, शेंबडं पोरही टेकवेल—ते मी काढलं. मी स्वतः. तुमच्याकडे ते होतं ना, म्हणून आमच्याकडे नको होतं. सरकवा वर! एका दमात, थेट टोकापर्यंत! बक्षीस मिळालं मला त्याचं, ते बघ कपाटात. आईलाही तोच फोन पाठवला, गावी, हुनानला. मिरच्या खुडून खुडून बोटं खरखरीत झालेली तिची, धड सरकायची नाहीत. म्हणायची, वेइलान, तो हिरवा ठिपका परत दे गं. मी म्हटलं, आई, शीक जरा, सगळं जग शिकतंय. मग एकदा स्वयंपाकघरात पडली. उठता येईना. तिला स्वतःहून फोन लावता यायचा नाही, आलेला उचलायची तेवढा, तोही कसाबसा. आणि मी करत होते ना फोन—रविवार होता, दर रविवारी करायचे—अकरा वेळा केला. वाटलं, शेतात गेली असेल. नंतर इथे येऊन तिच्या फोनची नोंद उघडली. बोट कुठे टेकलं, कुठवर गेलं, सगळं दिसतं आम्हाला. अकरा वेळा टेकलं होतं, युआन. अकराही वेळा अर्ध्यात—

तो रुमाल ठेव खिशात. मागितला का मी? दया दाखवायची नाही मला. मग तर तुम्हालाच कळेल, म्हणतोस? काय कळेल? काही कळत नाही मला. शुक्रवारी वरच्यांना नवं काहीतरी हवंय, नाहीतर माझीच खुर्ची जायची होती—हो, माझीसुद्धा, एक्केचाळीस पुरी झालीत मला, काय समजलास? आता हवं ते मिळालं. तुमच्या आधी तीन आठवडे बाजारात आणीन. जाहिरातीत एक म्हातारी घेऊ. हसरी. तक्रार करशील? कर ना. कुणाकडे करशील? तुझ्या साहेबांना काय सांगशील, गुपित मीच समोरच्यांच्या फळ्यावर काढून दाखवलं, तेही तीनदा?

काय? राजीनामा? कधी—आज सकाळी? अरे देवा. इतकी कसली घाई होती? मी लिहिलं होतं? मागचं मोकळं करून आलेलं बरं, असं? लिहिलं असेल. नऊ जणांत तू एकटाच निघालास खरं मानणारा.

रडू नकोस इथे. वडिलांना फोन करून सांग, घरचं माणूस आहे, धीर देईल. कोणता फोन आहे त्यांच्याकडे? आमचा? म्हणून सुचलं होय तुला हे! मग राहू दे, ते काही उचलायचे नाहीत.

जा आता. तो फळा पूस, फोटो काढलाय मी. आणि दार हळू ओढ, माणसं झोपलीत.