रांगेतली तोंडी परीक्षा

जयनगरातल्या रॉकेलच्या रांगेत दर चार मिनिटांनी एक डबा पुढे सरकत होता. शुभदाच्या पुढचे गृहस्थ बायकोची मॅट्रिकची तयारी तपासत होते.

“इंग्रजी ‘फास्ट’. शब्दाची जात सांग.”

“कोणत्या वाक्यातला?”

“वाक्य कशाला? शब्द सांगितला ना.”

“वाक्यावरच ठरतं, अहो. ‘फास्ट ट्रेन’मध्ये विशेषण, ‘रन फास्ट’मध्ये क्रियाविशेषण.”

“एका प्रश्नाला दोन उत्तरं? पाठांतर कच्चं आहे. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बस.”

“पाच वर्षं हेच ऐकतेय.”

“नापास झालीस तर हसं होईल. मी झालो का कधी नापास?”

“तुम्ही परीक्षेला बसलात कधी?”

एक डबा पुढे सरकला.

“स्वल्प हा डबा धरा,” बायको कानडीतलं ‘जरा’ वापरत म्हणाली.

“कुठे निघालीस?”

“फॉर्मची आज शेवटची तारीख आहे. यंदा मी बसणार.”